कोरड्या कुरणांचा कर्ब आणि ३० सेंटिमीटरची रेघ

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात धुळीची वादळे उठली आणि माती वाहून जाण्याचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचला. १९३४ मध्ये तिथल्या सरकारी रानांतल्या चराईला परवाने लागू झाले. त्याच वर्षी डायक्रोमेट हे रसायन वापरून मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या झाडपाल्यातून, मुळांतून आलेला कार्बन) मोजण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध झाली. ती चुनखडीतला कर्ब मोजत नाही. कोरड्या प्रदेशात हा मोठाच फायदा, कारण तिथे पुष्कळदा सेंद्रिय कर्बापेक्षा चुन्यातला कर्बच जास्त असतो. पुढे नमुना जाळून कर्ब मोजणारी यंत्रे आली, तेव्हा चुना आधी आम्लाने काढणे किंवा त्याचा कर्ब वेगळा मोजून वजा करणे भाग पडले. जिथे हे झाले नाही, तिथले आकडे फुगलेले आहेत.

एकाच रानात दोन पावलांवर माती बदलते, हे १९९० च्या सुमारास ठळकपणे मांडले गेले. न्यू मेक्सिकोत गवत हटून झुडपे पसरली, तसा कर्ब आणि नत्र झुडपांच्या बुंध्याशी गोळा झाला आणि मधली जागा उघडी पडली. त्या उघड्या जागेवरही बऱ्याच ठिकाणी सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळाचा पातळ पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरियाचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात. कोरड्या दिवसांत त्यावर खूर पडला की तो चुरतो, आणि पुन्हा धरायला कित्येकदा दशके जातात. खुरांनी माती मोकळी होऊन पाणी जास्त मुरते, असा दावा १९८० च्या दशकात जोरात होता. टेक्सासमधल्या चाचण्यांत मात्र तुडवणी वाढली तसे पाणी मुरणे कमी झाले. तरीही तो दावा आजही ऐकू येतो.

मातीतला कर्ब मोजण्यातला खरा वाद खोलीचा आहे, म्हणजे किती खोलवरची माती मोजायची याचा. २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हरितगृह वायूंच्या हिशोबासाठी वरच्या ३० सेंटिमीटरचा थर प्रमाण धरला. देशोदेशींच्या आकडेवारीला एक माप मिळाले, ही सोय नाकारता येत नाही. पण चराईने माती दबते. स्थूल घनता, म्हणजे पोकळ्यांसकट ठराविक आकारमानातल्या कोरड्या मातीचे वजन, घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम असेल तर हेक्टरी ३० सेंटिमीटरच्या थरात ३,९०० टन माती येते. ती दबून १.५ झाली, तर तेवढ्याच थरात ४,५०० टन. कर्ब दोन्ही वेळा ०.६ टक्के धरला, तर साठा २३.४ टनांवरून २७ टनांवर जातो. कर्बाचा एक कणही वाढलेला नाही, फक्त खालची माती मापात आली. एवढी साधी गोष्ट हिशोबाबाहेर राहावी, हे मला अक्षम्य वाटते. समान खोलीऐवजी समान वजनाच्या मातीची तुलना करण्याचा उपाय १९९० च्या दशकापासून माहीत होता.

कुरणांच्या नावाने कर्बाचे क्रेडिट, म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाच्या बदल्यात मिळणारे हक्क, विकले जाऊ लागले, तेव्हा या फरकाला पैशाचे मोल आले. मुळांमुळे कर्ब ३० सेंटिमीटरच्या खालीही असतो, आणि त्याचा हिशोब अनेकदा होतच नाही. काही नव्या नियमावल्या आता समान वजनाचा आग्रह धरतात. जुन्या सर्वेक्षणांत मात्र घनतेची नोंदच नसेल, तर ते आकडे मागे जाऊन दुरुस्त करता येत नाहीत.