प्रतिस्थापन पद्धती (एकसामयिक रेषीय समीकरणे)

दोन चलांतील एकसामयिक रेषीय समीकरणे सोडवण्याची एक रीत. एका समीकरणावरून एका चलाची किंमत दुसऱ्या चलाच्या रूपात काढून ती उरलेल्या समीकरणात ठेवतात. त्यात मग एकच चल राहते. एखाद्या चलाचा सहगुणक १ असेल तिथे ही रीत सोयीची, नाहीतर अपूर्णांक वाढतात व लोपाची रीत (समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवण्याची) बरी पडते.

भारतीय बीजगणितात हिचे मूळ नेमके कुठे धरावे, हा प्रश्न नाजूक आहे. ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त (इ. स. ६२८) अनेकवर्ण समीकरणांचा (वर्ण म्हणजे अज्ञात राशी) नियम येतो: पहिल्या वर्णाची माने, म्हणजे किमती, काढावीत आणि ती दोन-दोन घेऊन समान मांडावीत. काटेकोर पाहता इथे मान दुसऱ्या समीकरणात ठेवले जात नाही. ही तुलनेची रीत होय. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील (सुमारे इ. स. ११५०) एक उदाहरण अधिक जवळचे वाटते. एक म्हणतो, शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनी होईन. दुसरा म्हणतो, तूच दहा दे, मी तुझ्या सहापट होईन. भास्कराचार्य दोन धने २य − १०० आणि य + १०० अशी धरतात. पहिली अट तिथेच पुरी होते, दुसरीत य = ७० मिळतो; धने ४० व १७०. एकाच अव्यक्तात (अज्ञात राशीत) दोन्ही धने बांधण्याची ही युक्ती म्हणजे प्रतिस्थापनाचा गाभाच आहे.

विदर्भातील खेड्यात अशी समीकरणे पावसाळ्यात वावरातच उभी राहतात. समजा, कपाशीत एके दिवशी १ डवरा (बैलांनी ओढायचे तण काढण्याचे औत) आणि निंदणाला (खुरपणीला) ६ बाया लागल्या, मजुरी २,७०० रुपये झाली. दुसऱ्या दिवशी २ डवरे, ५ बाया, ३,६५० रुपये. डवऱ्याची मजुरी ड, बाईची ब.

ड = २७०० − ६ब
२(२७०० − ६ब) + ५ब = ३६५०
५४०० − ७ब = ३६५०

म्हणून ब = २५०, ड = १,२००.

चूक बहुधा कंसात होते. दोनाने फक्त २७०० ला गुणून ६ब तसाच ठेवला, की ब = १,७५० येतो. निंदणाला एवढी रोजी कुणी देत नाही, हे वावरात गेलेल्या मुलीला वहीतला आकडा पाहताच कळते. ड काढला तर तो उणे ७,८०० निघतो.