भ्रमणध्वनी विदा व महासाथकालीन अर्थव्यवहार

भ्रमणध्वनीधारकांच्या एकत्रित व निनावी केलेल्या स्थाननोंदींवरून, महासाथीत एखाद्या प्रदेशातील कामधंदा, खरेदी व प्रवास किती मंदावला आणि कितपत पूर्वपदावर आला, याचा अदमास घेण्याची पद्धत. उत्पादन व रोजगाराची सरकारी आकडेवारी उशिरा हाती येते आणि जिल्हावार क्वचितच मिळते. कोविड-१९च्या टाळेबंदीत ही उणीव या पद्धतीने काही अंशी भरून काढली.

पद्धतीचा उगम सामान्यतः हैतीतील २०१०चा भूकंप व त्यानंतरची पटकीची साथ येथपर्यंत नेला जातो. तेथे सिमकार्डांच्या नोंदींवरून लोकांच्या स्थलांतराचा माग काढण्यात आला. परंतु स्थलांतर मोजणे निराळे आणि आर्थिक स्थिती अनुमानणे निराळे. त्या दृष्टीने, फोनच्या वापरावरून लोकांची सांपत्तिक स्थिती अनुमानणारे जोशुआ ब्लूमेनस्टॉक व सहकारी या संशोधकांचे रवांडाविषयीचे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन हा अधिक योग्य आरंभ मानावा लागेल.

गूगलने ३ एप्रिल २०२० पासून १५ ऑक्टोबर २०२२ पर्यंत दिलेले लोकांच्या वर्दळीचे अहवाल सर्वाधिक वापरले गेले. दुकाने व करमणूक, किराणा व औषधे, उद्याने, वाहतूक स्थानके, कामाची ठिकाणे आणि निवासस्थाने अशा सहा गटांतील बदल त्यांत टक्क्यांनी दिलेला असे. तुलनेचा पाया ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतील त्याच वाराचा मध्यक (आकडे क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा आकडा) हा होता, आणि पद्धतीची खरी मेख येथेच आहे. युरोपात हा ऐन हिवाळा असल्यामुळे उन्हाळ्यात उद्यानांचे आकडे आपोआप फुगतात. बीडसारख्या जिल्ह्यातील असंख्य ऊसतोड कामगार याच आठवड्यांत कारखान्यांच्या परिसरात, म्हणजे जिल्ह्याबाहेर असतात. त्यामुळे तेथील पायाभूत पातळीला वर्षभराचे प्रमाण मानणे धोक्याचे ठरते. शिवाय हिंजवडीतील संगणक-व्यवसाय घरून चालू राहिला, तरी कामाच्या ठिकाणच्या गटात तो घट म्हणूनच उमटतो.

टाळेबंदीच्या काळातील वर्दळीची घट निर्बंधांमुळे की भीतीमुळे, याविषयी मतभेद आहेत. ऑस्टन गूल्सबी व चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील, कामासाठी रोजची ये-जा असलेल्या एकाच क्षेत्रातील, पण निराळे निर्बंध असलेल्या भागांची तुलना केली. ग्राहकांची वर्दळ सुमारे ६० टक्केबिंदूंनी घटली, त्यांपैकी केवळ ७ टक्केबिंदू निर्बंधांच्या वाट्याला आले. तुलनेची ही रीत अधिक विश्वसनीय वाटते. मात्र हातावर पोट असलेल्या प्रदेशांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशाने २०२०च्या अखेरीस भ्रमणध्वनीच्या वापराच्या नोंदींवरून नोव्हिसी या रोख मदत योजनेसाठी गरीब व्यक्ती निवडल्या. ज्यांच्याकडे फोन नाही ते अशा गणनेत येत नाहीत : भारतात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा भ्रमणध्वनी होता.