कॅमेऱ्याचा उजेड, डोळ्यांचा उजेड

भर दुपारी ढगांच्या वरून उडताना बाहेरचे पांढरे ढग दर चौरस मीटरला 10,000 कँडेलांहून (कँडेला हे प्रकाश मोजण्याचं एकक) अधिक तेजाने तळपत असतात. सावलीतलं काळं पॅनेल त्यापुढे शेकडो पटींनी मंद असतं. तरीही वैमानिक नजर खाली वळवतो आणि उंचीमापकाचा आकडा सहज वाचतो.

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा आभास देणाऱ्या सिम्युलेटरमध्ये हेच जमत नाही. साध्या मॉनिटरचं तेज 300 कँडेलांच्या आसपास संपतं, त्यामुळे एवढी मोठी तफावत त्यात दाबून बसवावी लागते. याला टोन मॅपिंग म्हणतात. जोडीला ऑटो एक्स्पोजर असतं. ते सगळ्या चित्राचा सरासरी उजेड मोजतं आणि त्यानुसार अख्खं चित्र उजळ किंवा मंद करतं. चित्रात ढग जास्त असले की पॅनेल काळंठिक्कर पडतं, आणि पॅनेल जास्त आलं की खिडकी पांढरीफटक होते. याला वास्तव म्हणायला मी तयार नाही, कारण असं कॅमेऱ्याला दिसतं, माणसाला नाही. आपल्या डोळ्याची बाहुली 2 ते 8 मिलिमीटर एवढीच बदलते, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशात जेमतेम 16 पट फरक पडतो. खरं काम नेत्रपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, करतं. त्याचा प्रत्येक भाग आपल्यापुरता जुळवून घेतो, आणि तेही नजर जाईल तिथे. आपली नजर कुठे आहे हे मात्र साध्या सिम्युलेटरला कळत नाही.

व्यावसायिक वैमानिकांच्या प्रशिक्षणाकडे पाहिलं की हा मुद्दा पटतो. तिथल्या सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये दिवसाच्या दृश्यातल्या उजळ भागासाठी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेची किमान अट आहे फक्त 20 कँडेलांची. खऱ्या उन्हाच्या तुलनेत हे काहीच नाही, पण प्रशिक्षण उत्तम होतं. कारण तिथलं कॉकपिट खरंखुरं, हाताला लागणारं असतं. पॅनेलचा उजेड आणि बाहेरचं दृश्य एकाच पडद्यावर जागेसाठी भांडत नाहीत.

घरच्या पडद्यावरही ही फारकत करता येते. कॉकपिट आणि बाहेरचं जग यांना वेगवेगळं एक्स्पोजर द्यायचं, किंवा आत थोडा भरीचा प्रकाश मिसळायचा. भौतिकशास्त्राच्या हिशेबात ही लबाडी आहे, पण दिवसा मी ती बिनदिक्कत स्वीकारेन.

रात्री मात्र अजिबात नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, आणि तरीही दिवे नसलेला डोंगर वैमानिकाला दिसेलच असं नसतं. तिथे एक्स्पोजर वाढवून संध्याकाळ उभी केली, तर रात्रीच्या उड्डाणातला मुख्य धोकाच पुसला जातो. पॅनेल दिसत नसेल तर त्याच्या दिव्यांची खुंटी फिरवावी. खऱ्या विमानातही तेच करतात, आणि दिवे फार वाढवले तर बाहेरचं दिसेनासं होतं.