मिन्स्ट्रेल शो

मिन्स्ट्रेल शो हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आलेला गायन, नृत्य, नकला व विनोदी संवाद यांचा मिश्र रंगमंचीय प्रकार होय. त्यात गोरे नट जळलेल्या बुचाच्या काजळीने तोंड काळे करून आफ्रिकी वंशाच्या लोकांची सोंगे आणीत. साधारणतः १८४० ते १८९० या काळात हा त्या देशातील सर्वांत लोकप्रिय करमणूकप्रकारांपैकी एक होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उत्तरेकडील शहरांतल्या ज्या प्रेक्षकांनी दक्षिणेतील कापसाचा मळा कधी पाहिला नव्हता, त्यांच्या मनात मळ्यावरील कृष्णवर्णीय माणसाचे चित्र प्रामुख्याने या खेळांनी उभे केले. आळशी, हसरा, भित्रा, खादाड आणि धन्यावाचून पोरका होणारा असा जो साचा तेथे घडला, तो पुढे जाहिरात, चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला.

पूर्ण विकसित अवस्थेत खेळाचे तीन भाग असत. पहिल्या भागात सर्व कलावंत अर्धवर्तुळात बसत. मध्यभागी औपचारिक पोशाखातील सूत्रधार आणि दोन टोकांना ‘टॅम्बो’ (खंजिरीवाला) व ‘बोन्स’ (हाडांच्या चिपळ्या वाजविणारा) ही सोंगाडी जोडी असे. सूत्रधाराने भारदस्त इंग्रजीत प्रश्न विचारावा आणि टोकाच्या सोंगाड्याने त्याचा विपर्यास करावा, या बतावणीवर हशा वसूल होई. दुसऱ्या भागात सुटे कार्यक्रम व मोडक्यातोडक्या पंडिती भाषेतील ‘भाषण’ असे, तर तिसऱ्यात मळ्यावरील जीवनाचे प्रहसन किंवा एखाद्या गाजलेल्या नाटकाचे विडंबन. रंगभूषा स्वस्त व सोपी होती. बूच जाळून त्याची बारीक पूड करीत, ती पाण्यात कालवून चेहरा, मान व हात यांना फाशीत आणि ओठांभोवतीचा भाग कोरा ठेवीत किंवा तांबडा-पांढरा रंगवीत, त्यामुळे तोंड प्रत्यक्षाहून कितीतरी मोठे दिसे. पुढे जाहिरातींच्या चित्रांत जे फताडे तांबडे ओठ व वटारलेले डोळे सर्वत्र आढळतात, त्यांचा उगम या रंगभूषेत आहे.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काळे तोंड करून रंगमंचावर येण्याची चाल इंग्लंड व अमेरिकेत आधीपासून होती, त्यामुळे तिचा कोणी एक जनक सांगता येत नाही; तथापि मिन्स्ट्रेल परंपरेचा आरंभ सामान्यतः टॉमस डार्टमथ राइस या न्यूयॉर्कच्या नटाने सादर केलेल्या ‘जंप जिम क्रो’ या नृत्यगीतापासून मानतात. राइसने ते प्रथम केव्हा व कोठे केले याविषयी १८२८ ते १८३१ अशी वर्षे आणि लुइव्हिल, सिनसिनॅटी व पिट्सबर्ग ही गावे सांगितली जातात. न्यूयॉर्कच्या बावरी थिएटरमध्ये १८३२ च्या अखेरीस व लंडनमध्ये १८३६ साली त्याने हे नृत्य केले, एवढे मात्र निश्चित आहे.

उगमकथा मुख्यतः दोन आहेत. रॉबर्ट नेव्हिन यांनी १८६७ साली एका मासिकात दिलेल्या हकिकतीनुसार राइसने गाण्याची ओळ सिनसिनॅटीत ऐकली आणि पिट्सबर्ग येथे कफ नावाच्या एका कृष्णवर्णीय हमालाला नाटकगृहात नेऊन, त्याचे फाटके कपडे उतरवून घेऊन, ते स्वतः अंगावर चढवून खेळ केला. घाटावर आगबोट येत असल्याचे कळताच, प्रवाशांच्या ट्रंका वाहून पोट भरणारा कफ उघड्या अंगाने पडद्याआडून आपले कपडे मागू लागला, राइसने लक्ष दिले नाही आणि प्रेक्षकांनी तोही खेळाचाच भाग समजून टाळ्या पिटल्या, असे नेव्हिन गमतीने सांगतात. दुसरी हकिकत एडमन कॉनर या नटाने १८८१ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातून दिली. तीनुसार लुइव्हिलच्या नाटकगृहामागे क्रो नावाच्या माणसाचा घोड्यांचा तबेला होता. तेथील एक वृद्ध, अपंग गुलाम एक खांदा उंच व एक पाय आखडलेला अशा स्थितीत गुणगुणत काम करी, आणि राइसने त्याचे नाव, चाल व गाणे उचलले.

राइस १८६० मध्ये वारला. दोन्ही हकिकती त्याच्या मृत्यूनंतर व मूळ घटनेनंतर सुमारे चार ते पाच दशकांनी लिहिलेल्या आहेत, दोन्ही गोऱ्या लेखकांच्या आहेत, आणि ज्याची कला घेतली गेली त्या माणसाची साक्ष दोहोंतही नाही. त्यामुळे त्या घटनेचा पुरावा म्हणून दुय्यम ठरतात; परंतु उघड्या अंगाने कपडे मागणारा मजूर हा विनोदाचा विषय वाटावा, ही गोष्ट त्या काळच्या वाचकवर्गाविषयी बरेच काही सांगते. या प्रकाराचे अभ्यासक डब्ल्यू. टी. लॅमन यांच्या मते जिम क्रो हे पात्र राइसच्या आधीपासून कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांत होते, आणि आरंभीच्या खेळांत गोऱ्या-काळ्या कष्टकऱ्यांची समान बंडखोरीही दिसते. दुसरे अभ्यासक डेल कॉक्रेल यांनी युरोपीय सणांतील तोंड काळे करून केल्या जाणाऱ्या सोंगांशी त्याचा संबंध जोडला आहे. एरिक लॉट यांनी आकर्षण व तुच्छता यांच्या मिश्रणावर भर दिला, तर रॉबर्ट टोल यांनी गोऱ्या प्रेक्षकांच्या गरजेकडे लक्ष वेधले. एका व्यक्तीने एका दिवशी केलेली चोरी असे मानण्यापेक्षा लोकगीत, युरोपीय सोंग व बाजारपेठ यांच्या संगमातून हा प्रकार घडला, ही मांडणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. लॅमन यांना दिसलेला समानतेचा सूर १८४० नंतरच्या खेळांत मात्र फारसा उरत नाही.

संपूर्ण संध्याकाळचा खेळ रचण्याचे श्रेय बहुधा ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चौघांच्या संचाला दिले जाते. डॅन एमेट, बिली व्हिटलॉक, फ्रँक ब्रोअर व डिक पेलम हे ते चौघे. १८३७ पासूनच्या आर्थिक मंदीत काम मिळेनासे झालेल्या या कलावंतांनी फिडल (व्हायोलिन), बँजो (एक तंतुवाद्य), खंजिरी व हाडे घेऊन फेब्रुवारी १८४३ मध्ये न्यूयॉर्क येथे खेळ केला. त्यांनी संचाचे नाव त्या सुमारास अमेरिकेत ‘टिरोलीज मिन्स्ट्रेल्स’ म्हणून गाजत असलेल्या, आल्प्समधील टिरोल प्रांतातल्या रायनर गायक कुटुंबावरून घेतले असावे. एडविन ख्रिस्टी याने आपला संच त्याआधीचा असल्याचा दावा केला होता. आद्यत्व कोणाचेही असो, तीन भागांची रचना रूढ करण्यात ख्रिस्टीच्या संचाचा वाटा मोठा होता, आणि गीतकार स्टीव्हन फॉस्टरची अनेक गीते त्याच्यामार्फतच घरोघर पोहोचली.

बँजोच्या इतिहासातही असाच वाद आहे. व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने बँजोला पाचवी, आखूड तार जोडली, असे जुन्या संदर्भग्रंथांत आढळते. हे मत आता टिकत नाही. साउथ कॅरोलायनात १७८५ ते १७९० च्या सुमारास काढलेल्या एका जलरंगचित्रात गुलामांच्या मेळाव्यातील वादकाच्या हाती भोपळ्याचा बँजो असून त्याला तीन लांब व एक आखूड तार स्पष्ट दिसते. म्हणजे अंगठ्याने छेडायची आखूड तार स्वीनीच्या जन्मापूर्वीची आहे. त्याने काही भर घातलीच असेल, तर ती खालच्या सुराच्या लांब तारेची असावी. पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगँबिया भागातील जोला लोकांचे आकोंटिंग हे वाद्य बनावट व वादनपद्धती या दोन्ही बाबतींत बँजोला जवळचे आहे. आफ्रिकी माणसांनी समुद्रापार आठवणीतून पुन्हा घडविलेले हे वाद्य त्यांच्याच टवाळीचे मुख्य साधन व्हावे, हा या इतिहासातील अतिशय कटू भाग आहे.

‘डिक्सी’ हे दक्षिणेचे गीत म्हणून गाजलेले मिन्स्ट्रेल गीत एमेटने १८५९ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रायंट्स मिन्स्ट्रेल्ससाठी रचल्याचे मानतात. ओहायओतील माउंट व्हर्नन येथील स्नोडेन या कृष्णवर्णीय संगीतकार कुटुंबाकडून त्याने ते घेतले, अशी स्थानिक परंपरा आहे, आणि कुटुंबातील दोघा भावांच्या थडग्यावर तसे कोरलेलेही आहे. मात्र १८५९ साली हे भाऊ लहान मुले होते, त्यामुळे परंपरेत तथ्य असल्यास ते गीत त्यांच्या आईवडिलांकडून मिळाले असावे.

खेळांतील पात्रे मोजकीच होती. फाटक्या कपड्यांतील खेडवळ जिम क्रो, शहरी छानछोकीची नक्कल करणारा झिप कून, धन्याशी एकनिष्ठ म्हातारा, आणि स्थूल, प्रेमळ, डोक्याला फडके बांधलेली दाई, जिला ‘मॅमी’ म्हणत. त्यांपैकी झिप कून हे पात्र विशेष द्वेषमूलक म्हणावे लागेल, कारण त्याचा रोख उत्तरेकडील स्वतंत्र, शिकलेल्या कृष्णवर्णीयांवर होता. जिम क्रो हे नाव १८४० च्या सुमारास मॅसॅचूसेट्समधील आगगाड्यांत कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेल्या वेगळ्या डब्यांना लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील वांशिक पृथक्करणाच्या सगळ्या कायद्यांना चिकटले. गुलामगिरीतून निसटलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ साली आपल्या वृत्तपत्रातून या नटांचा अत्यंत कठोर शब्दांत धिक्कार केला: निसर्गाने न दिलेला वर्ण चोरून हे लोक पैसा करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

कृष्णवर्णीय कलावंतही या व्यवसायात होते. विल्यम हेन्री लेन ऊर्फ ‘मास्टर जूबा’ हा नर्तक १८४८ मध्ये लंडनला गाजला. चार्ल्स डिकन्स यांनी १८४२ साली न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत पाहिलेला नर्तक तोच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ च्या सुमारास जॉर्जिया मिन्स्ट्रेल्ससारखे कृष्णवर्णीयांचे संच निघाले आणि त्यांतील अनेकांना स्वतःच्या काळ्या चेहऱ्यावर पुन्हा काजळी फासावी लागली. बहामात जन्मलेला बर्ट विल्यम्स (१८७४–१९२२) हा थोर विनोदी नट १९१० पासून न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड फॉलीज या भपकेदार संगीत-नृत्य खेळांत झळकला, तरी काजळी त्याला सुटली नाही. रंगमंचावर येण्याची दुसरी वाट फारशी नव्हती, हे लक्षात घेऊनच या कलावंतांचे मूल्यमापन करणे योग्य ठरेल.

मिन्स्ट्रेल संच इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे पोहोचले. जपानमध्ये १८५४ साली अमेरिकी आरमाराच्या कमोडोर पेरीच्या खलाशांनी आपल्या जहाजावर जपानी अधिकाऱ्यांपुढे असा खेळ केला. भारतात डेव्ह कार्सन हा अमेरिकी नट १८६० च्या दशकात ऑस्ट्रेलियामार्गे आला आणि मुंबई व कोलकाता येथे त्याने खेळ केले. येथे त्याने साचा तोच ठेवून सोंग बदलले: इंग्रजी शिकलेल्या बंगाली बाबूची त्याने केलेली टवाळी युरोपीय प्रेक्षकांना आवडली. १८७० च्या दशकात अर्धेंदुशेखर मुस्तफी या बंगाली नटाने साहेबाचे सोंग आणून रंगमंचावरच त्याला उत्तर दिले. शिकलेल्या काळ्या माणसाला हसणारा झिप कून आणि शिकलेल्या भारतीय माणसाला हसणारा बाबू ही एकाच कारखान्यातली पात्रे होत. याच दशकात, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता.

रंगमंचावरील साचा जाहिरातीत उतरल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘आँट जेमायमा’ हे आहे. मिझूरी राज्यातील सेंट जोसेफ येथील पर्ल मिलिंग कंपनीचे ख्रिस रट व चार्ल्स अंडरवुड यांनी १८८९ साली पॅनकेकचे तयार पीठ बाजारात आणले. त्याचे नाव एका मिन्स्ट्रेल गीतावरून घेतले. कृष्णवर्णीय मिन्स्ट्रेल बिली कर्सँड्सने ते गीत आधीच लोकप्रिय केले होते. पुढील मालक आर. टी. डेव्हिस याने जन्माने गुलाम असलेल्या नॅन्सी ग्रीन या स्त्रीला हे पात्र म्हणून उभे केले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात तिने पॅनकेक भाजत, गाणी म्हणत व मळ्यावरील सुखाच्या कथा सांगत गर्दी खेचली. कथा जाहिरातीच्या होत्या. नॅन्सी ग्रीनच्या स्वतःच्या आयुष्याला त्यांत जागा नव्हती. क्वेकर ओट्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने १९२६ मध्ये हा व्यवसाय घेतला. वेष्टनावरील बाईच्या डोक्यावरचे फडके १९८९ साली गेले, आणि २०२१ मध्ये नाव बदलून पुन्हा पर्ल मिलिंग कंपनी असे करण्यात आले.

इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स अप्टन हिने १८९५ साली एका बालपुस्तकात आणलेला गॉलिवॉग हा बाहुला मिन्स्ट्रेल रंगभूषेचीच प्रतिकृती होता. रॉबर्टसन कंपनीच्या मुरंब्यावर तो १९१० पासून एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत राहिला. बालसाहित्यिका एनिड ब्लायटनच्या गोष्टींमुळे इंग्रजी वाचणाऱ्या आपल्याकडील मुलांनाही तो परिचित झाला. शांघायमध्ये १९३३ साली निघालेल्या ‘डार्की’ (कृष्णवर्णीयांसाठीचा हिणकस शब्द) टूथपेस्टवर पांढरेशुभ्र दात दाखविणारा मिन्स्ट्रेल होता. १९८९ मध्ये ‘डार्ली’ असे नामांतर व चित्रात फेरबदल झाला, पण ‘काळा माणूस’ अशा अर्थाचे चिनी नाव त्यानंतरही तीन दशके तेच होते.

व्हॉडेव्हिल (सुट्या कार्यक्रमांचा रंगमंचीय खेळ) व चित्रपट आल्यावर मिन्स्ट्रेल संच मावळले, मात्र सोंग चालू राहिले. पहिल्या बोलपटांपैकी सर्वांत प्रसिद्ध ‘द जॅझ सिंगर’ या चित्रपटात (१९२७) अल जोल्सन हा गोरा गायक-नट काजळी फासून गातो. १९२८ साली शिकागोत सुरू झालेल्या ‘एमॉस अँड अँडी’ या नभोवाणी मालिकेत दोन गोरे नट केवळ आवाजाने कृष्णवर्णीय होत. पिट्सबर्गच्या एका कृष्णवर्णीय वृत्तपत्राने १९३१ मध्ये तिच्याविरुद्ध सह्यांची मोहीम चालविली. दूरचित्रवाणीवर ती १९५१ ते १९५३ या काळात कृष्णवर्णीय नटांसह आली आणि १९६६ मध्ये पुनःप्रक्षेपणातूनही काढली गेली. बीबीसीने मात्र काळ्या तोंडाच्या गायकांचा साप्ताहिक कार्यक्रम १९५८ पासून १९७८ पर्यंत चालविला. १९६७ साली त्याविरुद्ध अर्ज देण्यात आला होता, त्यानंतरही तो अकरा वर्षे चालू राहिला.

केप टाउनमध्ये दर वर्षी २ जानेवारीला निघणाऱ्या मिरवणुकीत मिन्स्ट्रेल वेशाचे व बँजोचे अवशेष टिकून आहेत. तेथील मिश्रवंशीय समाजाने हा वेश आपलासा केला असून गुलामांना नववर्षानंतर मिळणाऱ्या सुट्टीच्या दिवसाशी या उत्सवाचा संबंध जोडला जातो. अमेरिकी संचांचा प्रभाव त्यावर १८६० नंतर पडला असावा. उत्सवातील सहभागी लोक त्याकडे अमेरिकी वंशवादी वारसा म्हणून पाहत नाहीत.