गोलाकार तारकागुच्छ : दीर्घिकांच्या घडणीचा पुरावा आणि खानदेशचे आकाश

गोलाकार तारकागुच्छ म्हणजे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेला, काही दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत ताऱ्यांचा गोल समूह. हौशी आकाशनिरीक्षक त्याला बंदिस्त तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिकांसारख्या खुल्या गुच्छाचे वय जेमतेम १० कोटी वर्षांच्या घरात असते आणि पुढे तो विस्कटत जातो. गोलाकार गुच्छ मात्र बहुतेक १,००० ते १,३०० कोटी वर्षे जुने आहेत. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे धरले, तर आकाशगंगा आकार घेत होती त्याच काळातली ही पैदास. तेव्हाच्या वायूचे पुढे तारे झाले, लहान दीर्घिका (आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अवाढव्य समूह) मोठ्यांत विरून गेल्या. गुच्छ तेवढे शाबूत राहिले. म्हणूनच दीर्घिकांचा इतिहास शोधणारे त्यांच्याकडे वळतात. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून थोडे अधिक गुच्छ माहीत आहेत. त्यांतला सर्वांत मोठा, नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा, जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

सूर्याची जागा : या गुच्छांनी पहिला मोठा निकाल दिला तो १९१८ साली. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये रूपविकारी (तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांचा आवर्तकाल आणि त्यांची खरी तेजस्विता यांचे नाते दाखवले होते. त्याचा आधार घेऊन हार्लो शॅप्ली यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून गुच्छांची अंतरे काढली. गुच्छ आकाशात सारखे पसरलेले नव्हते. जवळजवळ एक तृतीयांश धनू राशीच्या बाजूला दाटले होते. ते आकाशगंगेच्या केंद्राभोवती जमलेले असणार, म्हणजे केंद्र तिकडे आणि सूर्य कडेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दिशा बरोबर निघाली, आकडे फुगले. वाटेतल्या धुळीने तारे मंद दिसतात हे त्यांनी हिशेबात धरले नव्हते; ती धूळ रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी १९३० मध्ये सिद्ध केली. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे, असे आज मानतात.

वय कसे काढतात : गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले आणि आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. जड तारा आपले इंधन लवकर संपवतो, हलका पुरवून वापरतो. प्रत्येक ताऱ्याचा रंग आडव्या अक्षावर आणि प्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप) उभ्या अक्षावर मांडली की ताऱ्यांची एक तिरपी रेघ तयार होते. तिला मुख्य क्रम म्हणतात. जुन्या गुच्छात या रेघेचा वरचा भाग नाहीसा झालेला असतो, कारण तिथले तारे फुगून तांबडे राक्षसी होऊन गेलेले असतात. रेघ जिथून वळते त्या वळणबिंदूवरच्या ताऱ्याचे आयुष्य तेच गुच्छाचे वय. गोलाकार गुच्छांत तिथे सूर्याच्या सुमारे ०.८ पट वस्तुमानाचे तारे सापडतात. हे गणित अंतरावर फार अवलंबून आहे. १९९०च्या दशकात काही गुच्छांची वये विश्वाच्या तेव्हाच्या अंदाजी वयापेक्षा जास्त निघू लागली, म्हणजे आईपेक्षा लेक मोठी. हिप्पार्कस उपग्रहाने १९९७ मध्ये सुधारलेली अंतरे आणि लगेच १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचा लागलेला शोध, या दोहोंनी तो पेच सुटला.

एकसंध की जोडून : आकाशगंगा कशी घडली याची दोन चित्रे बराच काळ समोरासमोर उभी होती. एगेन, लिंडन-बेल आणि सँडेज यांनी १९६२ मध्ये मांडले की वायूचा एक अवाढव्य ढग झपाट्याने आकुंचन पावला आणि त्यातच सगळे घडले. तसे असते तर बाहेरून आत येताना गुच्छांतील धातूंचे प्रमाण पायरीपायरीने वाढलेले दिसायला हवे होते. (हायड्रोजन आणि हीलियम सोडून बाकी सर्व मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ धातूच म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा.) लिओनार्ड सर्ल आणि रॉबर्ट झिन यांनी बाहेरचे गुच्छ तपासले, तर तशी पायरी सापडेना. तेव्हा आकाशगंगेचा बाहेरचा भाग लहान लहान तुकडे येऊन मिळत बराच काळ जुळत गेला असावा, असे त्यांनी १९७८ मध्ये सुचवले. पुढच्या संशोधनाने बाहेरच्या भागापुरता कौल बव्हंशी सर्ल-झिन यांच्या बाजूने दिला आहे. आतल्या भागात मात्र स्वतःच्याच वायूतून झपाट्याने घडण्याचे चित्र अजून चालते.

घरचे आणि आलेले : कोणता गुच्छ इथेच जन्मला आणि कोणता बाहेरून आला, हे ओळखायला दोन खुणा आहेत. पहिली खूण वय आणि धातू यांच्या जोडीची. मोठ्या दीर्घिकेत तारे भराभर जन्मतात आणि मरतात; अतिदीप्त नवताऱ्यांनी (स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांनी) उधळलेले धातू तिच्या गुरुत्वाकर्षणातून सुटत नाहीत, त्यामुळे थोड्याच काळात वायू धातूंनी समृद्ध होतो. लहान दीर्घिकेत हेच काम रेंगाळते आणि बरेचसे धातू बाहेर उडून जातात. परिणामी धातूंचे प्रमाण सारखेच असलेल्या दोन गुच्छांत घरचा गुच्छ वयाने मोठा आणि आलेला शंभर-दोनशे कोटी वर्षांनी लहान निघतो. आलेखावर या दोन फांद्या स्पष्ट वेगळ्या दिसतात. तापीकाठच्या एखाद्या मोठ्या गावात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी आणि पावरी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदतात, बाजारात सगळे सारखेच वाटतात, पण ओसरीवरची बोली ऐकली की कोणाचे मूळ कुठले ते कळते; धातूंचे प्रमाण हीच गुच्छांची घरची बोली.

दुसरी खूण कक्षेची. गाइया उपग्रहाने (प्रक्षेपण डिसेंबर २०१३) कोट्यवधी ताऱ्यांचे सरकणे मोजले आणि गुच्छांच्या वाटाही कळल्या. एकाच लहान दीर्घिकेतून आलेले गुच्छ वेगवेगळ्या दिशांना दिसले तरी त्यांची ऊर्जा आणि कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे माप) जुळतात. यातून २०१८ मध्ये मोठा शोध लागला : सुमारे ८०० ते १,००० कोटी वर्षांपूर्वी एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका आकाशगंगेवर आदळून तिच्यात जिरली होती. तिला गाइया-एन्सेलाडस म्हणतात. वर्षभरात सगळ्या गुच्छांची अशी छाननी झाली, तेव्हा सुमारे ४० टक्केच इथले ठरले. बाकीचे पाहुणे, किंवा ज्यांचे गोत्र अजून पक्के लागत नाही असे. मृग नक्षत्राखालच्या शशक तारकासमूहातला मेसिए ७९ (मेसिए यांच्या यादीतला ७९ क्रमांकाचा गुच्छ) हा बहुधा गाइया-एन्सेलाडसचाच. खानदेशच्या कोरड्या, स्वच्छ हिवाळी आकाशात तो लहान दुर्बिणीतून पाहता येतो.

धनू राशीतल्या मेसिए ५४ ची गोष्ट तर चालू वर्तमानातली. त्याची नोंद १७७८ ची, पण तो धनू लघुदीर्घिकेच्या गाभ्याशी बसलेला आहे हे ती लघुदीर्घिका १९९४ मध्ये सापडल्यावरच उमगले. आकाशगंगा या लघुदीर्घिकेला आजही फाडते आहे. तिचे तारे लांब पट्ट्यांत ओढले गेलेले दिसतात.

नरतुरंगातील ओमेगा : सर्वांत मोठा आणि सर्वांत संशयास्पद. टॉलेमीने त्याला तारा म्हणून यादीत घेतले, बायर यांनी १६०३ मध्ये ताऱ्याला द्यावे तसे ओमेगा हे अक्षर दिले. हा तारा नव्हे असे एडमंड हॅली यांनी १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून नोंदवले. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरच्या या गुच्छात कोटीभर तारे आहेत. त्यांच्यात धातूंचे प्रमाण एकसारखे नाही, पिढ्या अनेक आहेत, आणि त्याची कक्षा आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट. हा मुळात गुच्छ नसून गिळलेल्या लघुदीर्घिकेचा गाभा असावा, असे त्यामुळे मानतात. त्याच्या मध्यभागी अतिवेगाने फिरणारे सात तारे २०२४ मध्ये सापडले. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांइतके कृष्णविवर लागते.

इतर दीर्घिका : देवयानी दीर्घिकेत चारशेहून अधिक, तर कन्या समूहातील मेसिए ८७ मध्ये सुमारे १२,००० गुच्छ आहेत. दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचे) वस्तुमान आणि गुच्छांची संख्या ढोबळमानाने एकत्र वाढतात, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेत गुच्छ मोजून तिचे वजन अंदाजता येते. जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये महास्फोटानंतर केवळ ४६ कोटी वर्षांनी अस्तित्वात असलेले पाच दाट, तरुण गुच्छ दाखवले. त्यांतले किती टिकून गोलाकार गुच्छ झाले असतील, हा प्रश्न खुला आहे.

खानदेशातून निरीक्षण : खानदेश २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. नरतुरंगातील ओमेगा इथून दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त २१-२२ अंश चढतो. शोधायची युक्ती सोपी : तो चित्रा ताऱ्याच्या बरोबर खाली, ३६ अंशांवर आहे, म्हणजे हात लांब करून साडेतीन मुठी. चित्रा डोक्याच्या दक्षिणेला सर्वांत उंच येते त्याच सुमाराला तोही सर्वांत उंच असतो. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवसांत हे रात्री साधारण साडेदहा ते बाराच्या दरम्यान घडते. तिजेची कोर तोवर मावळलेली असते आणि माहेरवाशिणींचे झोके थांबलेले असतात, त्यामुळे धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) अंथरूण टाकलेल्या कोणालाही तो पुसट, चौथ्या प्रतीच्या ताऱ्यासारखा गवसावा. द्विनेत्रीतून लगेच गोल कापसी ठिपका होतो. अडचण आहे ती उन्हाळ्यातल्या क्षितिजालगतच्या धुळीची. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची पहिली रात्र सर्वांत चांगली. शहराचा उजेड दक्षिणेला येणार नाही अशी जागा निवडावी. जळगाव किंवा भुसावळच्या उत्तरेकडून पाहण्यात अर्थ नाही; चाळीसगावचा दक्षिण भाग किंवा अकराशे मीटरहून उंच असलेले तोरणमाळ बरे. कारंडव तारकासमूहातला ४७ क्रमांकाचा प्रसिद्ध गुच्छ मात्र खानदेशातून कधीच उगवत नाही.

वृश्चिक आणि धनूतले गुच्छ ऐन रंगात येतात ते आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा आभाळ भरलेले. म्हणून मेसिए ४ आणि मेसिए २२ हे चैत्र-वैशाखाच्या पहाटे गाठावेत. मेसिए २२ तर दसऱ्यानंतर दिवेलागणीलाही नैर्ऋत्येला सापडतो. शौरीतला मेसिए १३ जवळजवळ माथ्यावर येतो, त्याला धुळीची फिकीर नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. १९व्या शतकातल्या या शोधाचा खानदेशला रास्त अभिमान आहे, पण ओढूनताणून नाते जोडू नये : भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीचा विषय ग्रहगणित आणि ग्रहणे, तारकागुच्छ नव्हेत.

विद्यार्थ्यांसाठी : या अभ्यासाला स्वतःची वेधशाळा लागतेच असे नाही. गाइयाची सारी माहिती फुकट उपलब्ध आहे आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवर हे करता येते. ज्येष्ठा ताऱ्याच्या पश्चिमेला सव्वा अंशावर असलेल्या मेसिए ४ भोवतीचा अर्धा अंश घ्यावा. त्यातल्या ताऱ्यांचे वार्षिक सरकणे आलेखावर मांडावे. पाठीमागचे तारे शून्याजवळ विखुरतात, तर गुच्छाचे तारे वर्षाला सुमारे ०.०२३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) नैर्ऋत्येकडे सरकत असल्याने वेगळा पुंजका होतो. तेवढेच उचलून त्यांचा रंग आणि प्रत मांडली की मुख्य क्रम आणि सोळाव्या-सतराव्या प्रतींच्या दरम्यानचा वळणबिंदू समोर येतो. रेघ मात्र जाड आणि पसरट दिसते, कारण मेसिए ४ च्या अलीकडे भुजंगधारी-वृश्चिक भागातला धुळीचा ढग आडवा आहे आणि तो सगळीकडे सारखा दाट नाही. प्रत्येक ताऱ्यासाठी धुळीची वजावट केल्याशिवाय या आलेखावरून वय काढले, तर ते शंभर कोटी वर्षांनी सहज चुकते.