आकाशवाणी वाद्यवृंद

आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीत स्थापन केलेला, प्रामुख्याने भारतीय वाद्यांचा राष्ट्रीय वादकसमूह. आरंभी हिंदुस्थानी बाजूचे संचालन रविशंकर यांच्याकडे, तर कर्नाटक बाजूचे टी. के. जयराम अय्यर यांच्याकडे होते. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदाशी त्याची तुलना नेहमी केली जाते, ती अंशतःच लागू पडते. तेथे रचना हार्मनीवर (एकाच वेळी वाजणाऱ्या भिन्न स्वरांच्या मेळावर) उभी असते, येथे रागावर.

पूर्वपीठिका : या वाद्यवृंदाचा उगम कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. एक मत त्याचा आरंभ जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराच्या प्रयोगात पाहते. फोल्ड्स १९३७ पासून दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. भारतीय वादकांना स्वरलिपीवरून वाजवायला शिकवून त्यांनी एक मिश्र वाद्यवृंद बांधला. परंतु एप्रिल १९३९ मध्ये कोलकात्यात पटकीने त्यांचे निधन झाले. दुसरे मत सरोदवादक अल्लाउद्दीन खाँ यांच्या मैहर (आजच्या मध्य प्रदेशातील) येथील बँडला मूळ मानते. इन्फ्लुएन्झाच्या साथीत पोरकी झालेली मुले जमवून खाँसाहेबांनी तो १९१८ च्या सुमारास उभा केला. रविशंकर हे त्यांचेच शिष्य. तिसरा धागा उदयशंकर यांच्या नृत्यपथकाचा आहे. १९३० नंतरच्या दशकात तिमिर बरन आणि विष्णुदास शिराली यांनी या पथकासाठी समूहवादनाच्या रचना केल्या आणि रविशंकर कुमारवयात त्याच पथकात होते. गुरुपरंपरा आणि प्रत्यक्ष सहवास या दोन्हींचा विचार करता शेवटची दोन मते एकत्र घेणे अधिक सयुक्तिक वाटते. फोल्ड्स यांचे काम मोलाचे असले, तरी ते पुढे चालवणारे कोणी उरले नाही.

नाशिकशी या इतिहासाचा संबंध अप्रत्यक्ष आहे आणि तो शिरालींमार्फत येतो. शिराली हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. विष्णु दिगंबरांचे उत्तरायुष्यातील वास्तव्य नाशिकला, त्यांनीच स्थापिलेल्या रामनाम आधार आश्रमात होते. गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा जन्मही नाशिकचाच (१९२१). १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यापासून विष्णु दिगंबरांनी स्वरलेखन आणि वर्गात बसून शिकणे या दोन गोष्टी संगीतशिक्षणात रुजवल्या. वीस-पंचवीस वादकांनी एकच रचना एकसारखी वाजवायची, तर नेमकी हीच शिस्त हवी असते. वाद्यवृंदाच्या इतिहासात मैहरचे नाव आवर्जून येते. त्याबरोबर पलुसकर परंपरेचेही यायला हवे.

वाद्यमेळ : सतार, सरोद, बासरी, व्हायोलिन, वीणा, तबला, मृदंगम् अशा वाद्यांचा मेळ घालताना खरी अडचण सुरात लावण्याची येते. बासरी ठरावीक पट्टीत बनवलेली. तिला खुंट्या नाहीत. म्हणून षड्ज (‘सा’) सर्वांनी एक धरायचा आणि तंतुवाद्यांनी त्यावर यायचे. सतारीच्या अकरा ते तेरा तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) रागाच्या स्वरांत लावलेल्या असतात. त्यामुळे एका कार्यक्रमात यमननंतर भैरवीतली रचना घ्यायची, तर मध्ये तरफा पुन्हा लावणे आले. तसे न केल्यास आधीच्या रागाचे तीव्र-शुद्ध स्वर नव्या रागात गुंजत राहतात. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) हा आणखी एक प्रश्न. एकट्या वादकाला ती हवी तशी लांबवता येते. समूहात तिची मात्रा ठरवूनच घ्यावी लागते. रचनेतील काही जागा एकट्या वाद्यासाठी मोकळ्या ठेवणे हा त्यावरचा उपाय.

हार्मोनियमवर नभोवाणीत १९४० पासून बंदी होती. स्थिर पट्ट्यांवर मींड निघत नाही आणि श्रुती (स्वरांमधील सूक्ष्म अंतरे) सापडत नाहीत, हा मुख्य आक्षेप. ही बंदी १९७० नंतर शिथिल होऊ लागली. वाद्यवृंदाची घडण मात्र बंदीच्या काळातली.

स्थापनेच्या वेळी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते (१९५२–६२). अखिल भारतीय संगीत कार्यक्रम आणि कलावंतांच्या स्वरचाचण्यांची कडक पद्धत त्यांच्याच धोरणातली. चित्रपटगीतांबाबतची त्यांची भूमिका वादग्रस्त ठरली, पण शास्त्रीय वादकांना नियमित वेतन मिळण्याचा मार्ग त्यांच्या काळात रुंदावला, हे मान्य करावे लागते.

संचालक : १९५६ मध्ये रविशंकर यांनी आकाशवाणी सोडली. त्यानंतर बासरीवादक पन्नालाल घोष आले. ‘कलिंग विजय’, ‘ऋतुराज’ आणि ‘ज्योतिर्मय अमिताभ’ या त्यांच्या रचना विशेष प्रसिद्ध आहेत. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील काळातील संचालकांत संगीतकार अनिल बिस्वास आणि वीणावादक एमनी शंकर शास्त्री हे प्रमुख होत.

नाशिकला त्या काळी आकाशवाणीचे स्वतंत्र केंद्र नव्हते. येथील श्रोत्यांची भिस्त मुंबईवर आणि १९५३ नंतर पुणे केंद्रावरही असे.