स्टड पोकर

पोकर या पत्त्यांच्या खेळाचा एक प्रकार. यात प्रत्येकाला काही पाने पालथी व काही उघडी वाटतात आणि एकदा आलेले पान बदलून मिळत नाही. पाच पानी व सात पानी हे त्याचे मुख्य प्रकार. ग्रामीण विदर्भात स्टड रूढ नाही, तिथे तीन पत्ती चालते. तरीही पोळ्या-दिवाळीच्या बैठकीत तीन पत्ती शिकलेल्या माणसाला स्टडमधले बरेचसे आधीच ठाऊक असते. तो अडतो ते सवयीमुळे. म्हणून या नोंदीत दोन्ही खेळ शेजारी ठेवले आहेत.

उगम : पोकरच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका जुन्या मतानुसार तो इराणी ‘आस-नास’पासून निघाला, त्यातही पाच-पाच पाने वाटून बोली (डावावर पैसे) लावत. इराणी पत्त्यांची ही परंपरा आपल्या गंजिफेची (जुन्या रंगवलेल्या पत्त्यांची) नातलग आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधकडे गंजिफा पाठवल्याची नोंद मिळते आणि सावंतवाडीत गंजिफा आजही रंगवली जाते. त्यामुळे पोकरला पूर्वेकडचा पूर्वज जोडण्याचा मोह होतो. मात्र आस-नासची तपशीलवार वर्णने बरीच उशिराची, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. दुसरे मत फ्रेंच ‘पोक’ व जर्मन ‘पोख’ या खेळांकडे बोट दाखवते. नावातील साम्य आणि न्यू ऑर्लीन्स परिसरातील फ्रेंच वस्ती पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने १८२९ मध्ये तिकडच्या आगबोटीवर पाहिलेल्या पोकरचे वर्णन १८४४ च्या आठवणींत केले आहे. त्या काळी हा खेळ २० पत्त्यांचा असे. ब्रिटिशांच्या ‘ब्रॅग’ या पत्त्यांच्या खेळाचाही पोकरवर प्रभाव मानतात. तीन पत्ती सामान्यतः तीन पानी ब्रॅगपासूनच आली असे समजले जाते, म्हणजे दोन्ही खेळांचे नाते दूरचे का होईना, आहे.

स्टड हा प्रकार अमेरिकी यादवी युद्धाच्या (१८६१–६५) सुमारास रुळला असावा. ‘स्टड’ म्हणजे पैदाशीचा घोडा. कोणीतरी आपला घोडाच डावावर लावला होता, ही नावामागची गोष्ट लोककथा म्हणूनच घ्यावी.

खेळ : सात पानी स्टडमध्ये सुरुवातीचा ‘अँटे’ म्हणजे आपला बूट (प्रत्येकाने आधीच टाकायची ठरलेली रक्कम). मग प्रत्येकाला दोन पालथी व एक उघडे पान मिळते. सर्वांत हलके उघडे पान ज्याचे, त्याला पहिली बोली लावावीच लागते. पाने सारखी असतील तर किलवर सर्वांत खाली, त्यावर चौकट, बदाम आणि इस्पिक. पुढची तीन पाने उघडी, सातवे पुन्हा पालथे. प्रत्येक वाटपानंतर बोली होते, अशा पाच फेऱ्या. चौथ्या पानापासून ज्याची उघडी पाने भारी तो आधी बोलतो. शेवटी सातांतील उत्तम पाच पाने धरतात. आठही जण टिकले तर ५६ पाने लागतील आणि पत्ते ५२. अशा वेळी शेवटचे एक पान सर्वांसाठी मधोमध उघडतात.

तीन पत्तीतील ब्लाइंड (आपली पाने न पाहता बोली लावणे) इथे नाही. उलट चौथ्या पानापासून, आधी कोणी बोली लावलेली नसेल तर काही न लावता ‘चेक’ म्हणता येते. शोसाठी दोघेच उरण्याची गरज नाही. अखेरच्या फेरीनंतर उरलेले सगळे पाने दाखवतात.

पानांची चढण : सर्वांत मोठा घोळ इथे होतो. तीन पत्तीत सिक्वेन्स (लागोपाठची पाने) कलरला (एकाच रंगाची पाने, जसे सगळी चौकट) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. ही लहर नव्हे, हिशेब आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पानांचे २५,९८,९६० संच. त्यांत कलर ५,१०८, सिक्वेन्स १०,२००. या दोन हातांपुरता, जे दुर्मिळ ते वरचढ, हा नियम दोन्हीकडे एकच. एक्का-दुर्री-तिर्रीबाबतही असाच घोळ होतो. तीन पत्तीच्या बहुतेक बैठकींत ती एक्का-राजा-राणीच्या खालोखाल मानतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सर्वांत हलका.

डावपेच : सात पानी स्टडची पहिली तीन पाने म्हणजे नेमका तीन पत्तीचा हात, तेच २२,१०० संच. फरक इतकाच की तिथे हात संपतो, इथे सुरू होतो. ट्रेल (तीन सारखी पाने), मोठी जोडी, एका रंगाची किंवा लागोपाठची तीन पाने असतील तर पुढे जावे, एरवी पॅक व्हावे (डाव सोडावा). पण आपली पाने चांगली असणे पुरेसे नाही; हवी ती पाने अजून शिल्लक आहेत का, हे पाहावेच लागते.

समजा आठ जण बसले आहेत आणि तुमची तिन्ही पाने चौकट आहेत. समोरच्या सात उघड्या पानांत एकही चौकट नसेल, तर पुढच्या चार पानांत कलर जुळण्याची शक्यता शंभरात सुमारे २४. त्याच सातांत चार चौकट दिसल्या तर ती सुमारे ९ वर येते. हातातली तीन पाने तीच राहिली, तरी हात पार बदलला. पारावर सतरंजी टाकून बसलेला तीन पत्तीचा खेळाडू पत्ते छातीशी धरून कोपरा हळूच सरकवत पाहतो. त्याची नजर स्वतःच्या मुठीत असते. स्टडमध्ये ती समोर हवी. पॅक होणाऱ्याची उघडी पाने लगेच पालथी पडतात, त्यामुळे ती आधीच ध्यानात ठेवावी लागतात.

कायदा : महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ निव्वळ कौशल्याच्या खेळांना लागू नाही (कलम १३). सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, तर तीन पानी फ्लश किंवा ब्रॅगला निव्वळ नशिबाचा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही.

सराव : शिकण्यासाठी पैशांची गरज नाही, चिंचोके पुरतात. आठ जणांचे पहिले वाटप करावे, उघडी पाने तीन मोजेपर्यंत पाहावीत, मग पालथी करून कोणाकडे काय होते ते सांगावे. हे चुकत नाही तोवर बोलीकडे वळू नये.